पुनवेची सुट्टी

सटवामामांना कुणाच्याही घरी बोलवा, ते उंबऱ्यात थांबणार आणि आधी वर बघणार. चहा नंतर, जयभीम नंतर, पहिल्यांदा माळवदाची तुळई. मग मधल्या खांबापाशी जाऊन त्याच्यावर तळहात ठेवणार, डॉक्टर छातीवर नळी ठेवतो तसा, आणि मान हलली तरच बसणार. पुतण्यासाठी मुलगी बघायला ताडकळसला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मुलीचा बाप पोरीला पुढं करून उभा आणि पाहुण्याची नजर आढ्याला. बापाला वाटलं, मोठी माणसं दिसतायत, घर जोखायला लागलीत. मामा म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पण त्या तिसऱ्या खांबाखाली कुणाला निजवू नका." लग्न जमलं, खांबही बदलला. आतून वाळवीनं पोखरलेला निघाला असं पेडगावात सांगतात. ताडकळसवाले अजून कबूल करत नाहीत.

ही सवय खाणीतली. पेडगावचे सटवाजी वाव्हळे सत्तेचाळीस साली, गोदावरी जिकडं वाहत जाते तिकडं निघाले आणि तेलंगणातल्या एका कोळसा खाणीत जाऊन पोचले. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कोळसा काढून पोकळी झाली की वरच्या दगडाला लाकडी खांबांचे टेकू द्यायचे. त्यांच्या हाताखाली पाच माणसांची टोळी होती, त्यातला एक आपल्याच गावचा लिंबाजी. चौऱ्याहत्तर साली दोघं बरोबरच परत आले. मामांनी येताना एक पत्र्याची पेटी, एक रेडिओ आणि एक वीतभर खोकला आणला. लिंबाजीनं मामांच्या गोष्टी आणल्या.

त्या गोष्टींनीच घोटाळा केला.

सत्त्याहत्तरच्या माघात गावात विहार बांधायचं ठरलं. जिल्हा परिषदेत कारकून असलेला नागनाथ कमिटीचा चिटणीस. एका संध्याकाळी तो मामांच्या ओट्यावर आला, सायकल भिंतीला लावली आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मामा, वैशाखी पुनवेला पायाचा दगड बसवायचा. आन तो तुमच्या हातानं."

"माझ्या? मी काय केलंय?"

"काय केलंय म्हंजे? लिंबाजीकाकांनी सगळं सांगितलंय. नागपूरहून दीक्षा घेऊन आलात तवापासून खाण सुटंस्तोवर एका पुनवेला तुमी कामावर गेला न्हाईत. अठरा वर्षं उपोसथ पाळलात, दुपारनंतर अन्नाला शिवला न्हाईत. असा माणूस आपल्या तालुक्यात दुसरा दाखवा मला."

घरात सगुणाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला. हसू फार आलं की त्या असं करतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. नागनाथाला मात्र वाटलं, मामींना गहिवरून आलं.

तो गेल्यावर त्या बाहेर आल्या. "अठरा वर्षं उपास. आन दर पुनवेच्या सांजंला सुक्या मासोळीचं कालवण कोण खायचं, त्याचं भूत?"

मामांनी उठून ओट्याच्या खांबावर तळहात ठेवला. 

आता खरी गोष्ट काय होती, ती आधी सगुणाबाईंना ठाऊक होती आणि पुढं आम्हा सगळ्यांना झाली. खाणीत दगड बोलतो. कोळसा काढला की वरचं ओझं कडेला सरकतं, दगड तटतटतो, आणि कुठं तरी आत खोल काहीतरी तुटतं. मग जमिनीला शहारा येतो. खांबाला हात लावून उभं राहिलं तर तो शहारा तळहातात उतरतो. मामांनी त्रेपन्न सालापासून त्याचा छंद लावून घेतला होता. पाळी संपली की घरी यायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात, जितके हादरे हाताला लागले तितक्या पेन्सिलीच्या रेघा मारायच्या. कॅलेंडरवर तिथी छापलेल्या असायच्या. दोन-तीन वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं की अमावस्या आणि पुनव जवळ आली की चौकोन रेघांनी भरतो. मधे अष्टमी-नवमीला चौकोन विरळ.

आणि नेमकं तेव्हाच, छप्पन सालच्या दसऱ्याला, ते, लिंबाजी आणि टोळीतले बाकीचे चौघं रेल्वेनं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. देव सोडले, अंगारे सोडले, आवस-पुनवेची भीती सोडली. सोडली म्हणजे तोंडानं सोडली. हाताला लागणारा शहारा काही सुटेना. आता टोळीला कसं सांगायचं, की गड्यांनो, पुनव हाय, खाली जाऊ नका? पाचही जण नव्यानं शपथ घेतलेले. हसून हसून मेले असते. खाणीच्या साहेबाला सांगावं तर तो म्हणणार, घबराट पसरवतो, काढा याला.

अमावस्येला तर मामा हट्टानं खाली जायचे. त्या दिवशी तिथले कामगार देवीला कोंबडं द्यायला जात, निम्मी खाण रिकामी. आपण देवीला मानत नाही हे दाखवायलाच मामा अमावस्या चुकवायचे नाहीत. जीव मुठीत धरून जायचे. पुनवेला मात्र त्यांना पळवाट सापडली. वैशाखी पुनव बुद्धाची, मग सगळ्याच पुनवा बुद्धाच्या. त्यांनी साहेबाला सांगितलं, आमच्या टोळीला आठवड्याची एक सुट्टी कमी करा, पण पुनवेची द्या, आमचा उपोसथ असतो. साहेबाला फरक पडत नव्हता. टोळीला फार भारी वाटलं. मामा घरी बसून कालवण ओरपू लागले आणि त्या चौकोनात गोल काढू लागले.

एकोणसाठच्या माघी पुनवेला सकाळी दहाच्या सुमाराला कामगारांच्या चाळीतली भांडी वाजली. मामांची टोळी आदल्या दिवशी जिथं टेकू देत होती, ती सगळी जागा बसली. टेकू अर्धवट म्हणून तिथं दुसरं कुणी धाडलं नव्हतं. एका माणसाला ओरखडासुद्धा आला नाही. लिंबाजी धावत आला आणि त्यानं मामांच्या पायावर डोकं ठेवलं. "दादा, तुझ्या उपासानं वाचलो."

त्या वेळी खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच. आणि आता त्या न सांगितलेल्या गोष्टीचा दगड होऊन मामांच्या हातात यायला निघाला होता.

मामांना दोन गोष्टी खात होत्या. एक, आपण खोट्या उपासाच्या जोरावर विहाराचा पाया घालायचा का? आणि दुसरी त्याहून वाईट: ती भीती तरी खरी होती का? का नागपूरला जाऊन आलेला माणूस आतून तसाच आवस-पुनवेला भिणारा राहिला? तसं असेल तर दगडाला हातच लावायचा नाही, एवढं त्यांनी मनाशी धरलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला हायस्कुलात शास्त्र शिकवणारे काशीनाथ गुरुजी राहतात. दुसऱ्या दिवशी मामा पेटीतली नऊ कॅलेंडरं काखेत मारून त्यांच्याकडं गेले. त्रेपन्न ते एकसष्ट. पुढची सगुणाबाईंनी डब्यांखाली फळीवर अंथरली होती.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "समुद्र पाहिलाय का कधी?"

"न्हाई. येलदरीचं धरण बघितलंय."

"त्याला भरती येत नाही. समुद्राला येते, ती चंद्र-सूर्याच्या ओढीनं. पौर्णिमा आणि अमावास्येला दोघं एका रेषेत येतात, म्हणून भरती मोठी. आता ऐका. ती ओढ जमिनीलाही लागते. आपण बसलोय ती जमीन दिवसातून दोनदा साधारण वीतभर वर येते आणि परत खाली जाते."

मामांनी बाजेची काठी धरली. "मग कळंना कसं झालं?"

"सगळंच बरोबर उचललं जातं ना. घर, झाड, बैल, तुम्ही, मी."

"तहसीलदार पण?"

"तेही."

हे मामांना फार आवडलं. ते थोडा वेळ तहसीलदाराला वर-खाली करत बसले. मग म्हणाले, "गुरुजी, आता एक दगड हाय. खालचा कोळसा काढलाय, तो तुटायच्याच बेताला आलाय. त्याला हा वीतभराचा झोका पुरंल का?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "पुरेलही. नाहीही पुरणार. मला माहीत नाही."

पेडगावच्या इतिहासात मास्तरानं 'मला माहीत नाही' म्हटल्याची ही पहिलीच नोंद असावी. पण गुरुजी तिथं थांबले नाहीत. त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीचे एक भूगर्भशास्त्रज्ञ हैदराबादला होते. त्यांना चार पानी पत्र गेलं. रोज अकरा वाजता मामा पोस्टमनच्या वाटेत उभे राहू लागले. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा. शेवटी शेवटी तर तो दुसऱ्या गल्लीतून जायला लागला.

चैत्रात उत्तर आलं. इंग्रजीत टाइप केलेलं, दोन पानी. वरती 'श्री. सटवाजी वाव्हळे यांच्या निरीक्षणांबद्दल आभार'. मामांनी ती ओळ गुरुजींना तीनदा वाचायला लावली. सत्तावीस वर्षांत त्यांना कुणी निरीक्षणाबद्दल काही म्हटलं नव्हतं. पुढं लिहिलं होतं की ही ओढ फार थोडी असते, ती एकटी दगड फोडत नाही. पण दगड आधीच काठावर आलेला असेल तर तेवढं निमित्त पुरू शकतं. काही ठिकाणी तसं दिसलंय, काही ठिकाणी शोधूनही दिसलेलं नाही. आणि शेवटी दोन प्रश्न होते. अमावास्येला खाणीत रोजच्यासारखं काम चालायचं का? आणि तुम्ही सगळ्या दिवशी खाली होता का?

गुरुजी वाचायचे थांबले. मामा त्यांच्याकडं बघत राहिले.

"आवसंला तर निम्मी खाण देवीला जायाची," मामा म्हणाले. "यंत्र बंद. लय शांत वाटायचं. उंदीर पळाला तरी ऐकू यायचा."

"मग त्या दिवशीच्या रेघा दगडाच्या जास्त, का कानाच्या जास्त?"

मामांना लगेच समजलं. गुरुजी पुढं सांगत होते की गोंगाट नसला तर बारीक हादराही जाणवतो, पण मामांनी तोवर पेन्सिल उचलली होती. अमावस्येचे चौकोन सगळ्यांत भरलेले, सगळ्यांत लाडके. एकेक करून त्यांनी सगळ्यांवर फुली मारली. नऊ वर्षांच्या अमावस्या. हात एकदा थांबला, तेवढंच.

मग पुनवा. "सत्तावन्नपासून इथं नुसते गोल आहेत," गुरुजी म्हणाले.

"मी घरी होतो."

"खाली काय झालं ते?"

"मला काय म्हाईत? घरी कालवण होतं."

ती पाच कॅलेंडरंही बाजूला पडली. उरली पहिली चार. त्या वर्षांत मामा पुनवेलाही खाली जात होते, आणि पुनवेला ना देवी ना कोंबडं, काम पुरं चालायचं. गुरुजींच्या बायकोनं, सुमंगलाबाईंनी, पाटीभर चिंचोके आणून दिले. तीन संध्याकाळी दोघं ओसरीवर बसून मोजत होते. रेघेला एक चिंचोका. पुनव आणि तिच्या अलीकडचा-पलीकडचा दिवस एका ढिगात, बाकीचे दिवस दुसऱ्यात. अमावस्येच्या आसपासचे दिवस कुठंच नाहीत. सुमंगलाबाई जाता-येता म्हणायच्या, "पोरं शाळेत, आणि मास्तर चिंचोके खेळतायत."

शेवटी गुरुजींनी भागाकार केला. साध्या दिवसाला चार हादरे. पुनवेच्या तीन दिवसांत, दिवसाला पाच.

"बस?" मामा म्हणाले. त्यांना वाटलं होतं दुप्पट-तिप्पट निघेल.

"बस."

"मग खरं का खोटं?"

"थोडं खरं असावं. चार वर्षांच्या चिंचोक्यांवर एवढंच बोलता येतं."

मामांनी पाटीकडं पाहिलं. "आन गुरुजी, मी? मी आवस-पुनवेला भिणारा माणूस हाय का न्हाई?"

गुरुजींनी हातातले चिंचोके पाटीत टाकले. मग म्हणाले, "स्वतःच्या हातानं रेघा मारल्यात, आणि चुकीच्या निघाल्या तेव्हा स्वतःच्याच हातानं फुल्या मारल्यात. तुम्हाला तसं म्हणायला माझी जीभ वळणार नाही."

मामा वाकायला लागले तर गुरुजींनी त्यांना धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी उठून बघतात तर गोठ्याच्या कलत्या छपराला बाभळीचा नवा टेकू, ठोकून ठाक केलेला. कुणी लावला हे मामांनी कबूल केलं नाही. गल्लीत तसा टेकू लावणारा दुसरा कोण आहे, हे सांगा.

एक काटा निघाला. घरी येऊन मामा खुशीत सगुणाबाईंना सगळं सांगत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि तवा उतरवत म्हणाल्या, "चिंचोके मोजून झाले, चांगलं झालं. आता लिंबाजीभावजींना थापा मारल्या त्या कवा मोजायच्या?"

"दगड बसवायच्या आधी सांगतो."

"सगळ्यांसमोर?"

"थाप सगळ्यांत पसरलीय. एकट्याला सांगून कसं भागंल?"

"मग दगड दुसऱ्याच्या हातात जाईल."

"जाऊ दे," मामा म्हणाले. पण त्या रात्री ते जेवले नाहीत, हे सगुणाबाईंनीच सांगितलं आहे.

वैशाखी पुनव. सकाळी सातलाच ऊन चटके द्यायला लागलेलं. पूर्णेहून भंतेजी आले होते. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, निळे झेंडे. वंदना झाली. नागनाथानं कागद काढून मामांच्या अठरा वर्षांच्या उपोसथाचं भाषण सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मामांनी त्याच्या दंडाला हात लावला.

"नागनाथ, थांब बाळा. हे खरं न्हाई."

नागनाथ कागद धरून तसाच उभा राहिला.

मामांना भाषण येत नाही. त्यांनी कॅलेंडरं सांगितली, रेघा सांगितल्या, भीती सांगितली. "पुनवेला मी भिऊन घरी ऱ्हायलो. उपासाचं निमित्त केलं. बुद्धाचं नाव वापरलं, भीती झाकायला. काशीनाथ गुरुजींनी मोजून दाखवलं, भीतीत चाराला पाच एवढं तथ्य निघालं. तेवढ्यावर माझा जीव हलका झाला, त्यांचे उपकार हायत माझ्यावर. हैदराबादच्या त्या साहेबांचे पण हायत, तोंड न बघता उत्तर धाडलं. पण उपास मी एक पण केला न्हाई. दगड दुसऱ्या कुणी बसवावा."

 मग लिंबाजी उठला. त्याचं धोतर सुटत आलं होतं, ते त्यानं आधी खोचलं.

"दादा, म्हंजे भिऊन ठिवलास आमाला घरी?"

"व्हय."

"आन जेवायचास?"

"व्हय."

"काय?"

मामांनी खाली बघितलं. बायकांतून सगुणाबाई म्हणाल्या, "मासोळी, भावजी."

लिंबाजीनं तोंडावर हात फिरवला. "अठरा वर्षं," तो म्हणाला, "अठरा वर्षं मी दुपारनंतर ताकाच्या घोटावर पडून ऱ्हायचो. का, तर पलीकडच्या ओळीत सटवादादा उपाशी हाय. लय भूक लागली की तुझं तोंड आठवायचो. आन तू मासोळी खायचास."

आधी कुणीतरी एक हसलं. मग आवरलंच नाही. भंतेजींनी चेहरा सरळ ठेवला, पण चीवराचं टोक नाकाशी धरलं. नागनाथ एकटा हसत नव्हता. तो घाबरून भंतेजींकडं बघत होता, की आता कार्यक्रमाचं काय.

तेवढ्यात लिंबाजीची बायको चांगुणाबाई पुढं आली. ती गर्दीत कधी बोलत नाही. घरात बोलते, ते लिंबाजीला विचारा. ती मामांसमोर उभी राहिली.

"भाऊजी, त्या माघात माझं पोटातलं तीन म्हैन्यांचं होतं. तुमी भिला नसता तर त्याला बाप दिसला नसता. उपासानं वाचले का भीतीनं, ते तुमचं तुमी बघा. माझ्या घरी माणूस परत आला. आन आज समद्यांसमोर खरं बोलला, ते मी बघितलं. दगड तुमीच बसवायचा. दुसऱ्यानं हात लावला तर मी त्याच्यावर बसन."

भंतेजी म्हणाले, "खोटं बोलणार नाही, हे शील आहे. उपासकानं आज ते सगळ्यांदेखत पाळलं. बसवू द्या."

लिंबाजीनं घमेलं उचललं आणि मामांच्या पायाशी आणून ठेवलं. "धर. पण पयलं कबूल कर, एक पुनव तरी खरी पाळशील."

"पाळतो."

"ताकावर."

"ताकावर."

मामांनी दगड बसवला. दोनदा काढून परत बसवला, गवंड्याला बाजूला सारलं, तळहातानं चाचपून बघितला. माणसं उन्हात उभी होती, पण कुणी घाई केली नाही.

ज्येष्ठाच्या पुनवेला मामांनी उपोसथाचं अष्टशील घेतलं. दुपारी बाराच्या आत जेवले, मग पांढरा सदरा घालून ओट्यावर बसले. तीन वाजता ते आमच्या घरापर्यंत येऊन गेले. काम काहीच नव्हतं. आमच्या घरात शेंगदाणे भाजायला लागले होते, तो वास घेऊन परत गेले. चार वाजता लिंबाजी तपासणीला आला, हातात ताकाचा तांब्या. मामांचं तोंड उतरलेलं बघून त्याला फार समाधान वाटलं.

"कसं वाटायलंय, दादा?"

"लय भूक लागलीय."

"मग? माझ्याबिगर तपासायला तुला आता कुणी येत न्हाई. भीती पण न्हाई. नुसतं मी म्हणलो म्हणून धरलास?"

मामांनी तांब्या घेतला, एक घोट प्याले, मिशी पुसली. "भीती होती तवा पोटभर जेवायचो," ते म्हणाले. "आता भीती न्हाई. तुमी पाच जण जिवंत हायत. कुणाचे तरी उपकार मानायचे ऱ्हायलेत, ते उपाशी पोटी मानून बघायलोय."

लिंबाजी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसला. तांब्यात उरलेलं ताक त्यानं संपवलं, आणि दिवस मावळेपर्यंत दोघं कालवणाचं नाव न काढता बसून राहिले.